गरिबांचे संसार आणि शासनाचे विवाहशिक्षण

अमेरिकेच्या काँग्रेसने १९९६ साली संमत केलेला एक कायदा गरीब कुटुंबांस द्यावयाच्या साहाय्याविषयी आहे. रोख साहाय्य किती वर्षे द्यावे, ते घेणाऱ्याने किती तास काम करावे, राज्यांनी पैसा कोणत्या कारणी लावावा, अशा रुक्ष तरतुदींनी तो भरलेला आहे. परंतु त्याच्या आरंभी, जेथे कायदेमंडळ आपले निष्कर्ष नमूद करते तेथे, पहिलाच निष्कर्ष असा आहे की विवाह हा यशस्वी समाजाचा पाया होय. व्यासपीठावरून नित्य कानी पडणारे हे विधान साहाय्याच्या कायद्यात येऊन बसले, आणि पुढील दहा वर्षांत त्यातून एक विलक्षण प्रयोग उभा राहिला. गरीब जोडप्यांनी संसार कसा करावा, याचे वर्ग शासनाच्या पैशाने सुरू झाले.

विवाहापूर्वी जोडप्यास समोर बसवून चार गोष्टी सांगणे हे आमच्या पाळकांचे जुने काम होय. तेच काम एका सेक्युलर शासनाने हाती घेतले, आणि नुसते हाती घेतले नाही, तर त्याचे फळ किती आले हे मोजूनही पाहिले. आम्हांस ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक विचारार्ह वाटते. कारण मंडळीने आपल्या विवाहोपदेशाचे फळ सहसा कधी मोजलेले नाही. म्हणून सदर प्रयोगाची हकीकत येथे काहीशा विस्ताराने देत आहो.

या कथेचा आरंभ १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापाशी करावा लागतो. त्या कायद्याने निराधार मुलांस साहाय्य मिळू लागले. निराधार कोण, तर ज्याचा बाप मेला आहे, घर सोडून गेला आहे किंवा अपंग आहे असे मूल. बाप धडधाकट असून घरात असेल तर साहाय्य नाही, मग तो बेकार का असेना. पुढे अनेक राज्यांनी याहून कडक नियम केले. आईच्या घरी कोणी पुरुष येतो-जातो काय हे पाहण्यास अधिकारी अपरात्रीही दार ठोठावीत, आणि पुरुष आढळल्यास मुलांचे साहाय्य बंद होई. अलाबामा राज्याचा अशा प्रकारचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रद्द ठरविला. ज्या शासनयंत्रणेने एका पिढीत गरिबाच्या घरातून पुरुषास बाहेर काढले, तिनेच पुढील पिढीत त्यास घरात कसे टिकवावे हे शिकविण्यासाठी शिक्षक नेमले, हा विरोधाभास वाचकांनी ध्यानात ठेवावा. या प्रयोगाकडे अनेक गरीब माणसे संशयाने पाहत असल्यास त्यात नवल नाही.

१९६५ साली कामगार खात्यातील डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबाच्या स्थितीवर एक अहवाल लिहिला. कृष्णवर्णीय समाजात सुमारे एक चतुर्थांश मुले विवाहाबाहेर जन्मतात, आणि याच्या मुळाशी गुलामगिरीचा इतिहास व पुरुषांची बेकारी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अहवालावर मोठे वादळ उठले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच माथी दोष मारला, असा आरोप झाला, आणि पुढे बराच काळ हा विषय हाती घेण्यास विद्वान कचरू लागले. परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्व वर्णांच्या मिळून सुमारे एक तृतीयांश मुलांचा जन्म विवाहाबाहेर होऊ लागला होता, आणि मग मात्र हा प्रश्न एका वंशाचा आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही.

पहिले पाऊल ओक्लाहोमा राज्याने टाकले. राज्याची आर्थिक पीछेहाट का होते याचा शोध घेणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी कारणांत घटस्फोटांचाही उल्लेख केला होता. ते मनावर घेऊन राज्यपाल फ्रँक कीटिंग यांनी १९९९ साली विवाहविषयक उपक्रम जाहीर केला, आणि गरिबांच्या साहाय्यनिधीतून १ कोटी डॉलर त्यासाठी बाजूस काढले. पुढे जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले व मानसशास्त्रज्ञ वेड हॉर्न यांच्याकडे केंद्र शासनातील मुले व कुटुंबे यांचा विभाग आला, तेव्हा हाच विचार राष्ट्रीय झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने प्रतिवर्षी १५ कोटी डॉलर या कामी मंजूर केले, पैकी ५ कोटीपर्यंत पित्यांच्या जबाबदारीच्या शिक्षणासाठी होते. २०१० साली ही वाटणी निम्मी-निम्मी करण्यात आली, व पुढेही तरतुदीची मुदत वेळोवेळी वाढविली गेली. उपस्थिती ऐच्छिक असावी आणि घरगुती मारहाणीच्या प्रश्नाची दखल कशी घेणार हे संस्थांनी आधी सांगावे, अशा दोन अटी कायद्यातच होत्या. त्या स्त्रीसंघटनांच्या आग्रहाशी सुसंगत होत्या, आणि आमच्या मते अत्यंत योग्य होत्या.

आता या वर्गांत शिकवीत तरी काय? यातील एक प्रमुख अभ्यासक्रम डेन्व्हर विद्यापीठातील हॉवर्ड मार्कमन व स्कॉट स्टॅन्ली यांच्या संशोधनातून सिद्ध झालेला आहे. कोणती दांपत्ये टिकतात व कोणती मोडतात याचा अभ्यास करता करता त्यांस असे आढळले की भांडण होते की नाही यापेक्षा ते कशा रीतीने होते यावर पुष्कळ अवलंबून असते. शब्दाला शब्द लागून आवाज चढत जाणे, जोडीदाराच्या बोलण्यास तुच्छ लेखणे, त्याच्या साध्या वाक्यामागेही वाईट हेतू पाहणे, आणि विषय निघाला की उठून जाणे, या सवयी संसार पोखरतात. म्हणून वर्गात भांडणाचीच रीत शिकवितात. एक जण बोलेल व दुसरा ऐकेल. बोलणाऱ्याने थोडे बोलून थांबावे, स्वतःपुरते बोलावे, दुसऱ्याच्या मनातले आपण सांगू नये. ऐकणाऱ्याने खंडन न करता ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे, आणि मगच पाळी बदलावी. पाळी कोणाची हे कळण्यासाठी एक वस्तू हातात धरावयाची. इंग्रजीत सभेत बोलण्याचा अधिकार आणि पायाखालची जमीन या दोहोंस एकच शब्द असल्याने ही वस्तू कित्येकदा लिनोलियमचा किंवा फरशीचा तुकडा असे. तो ज्याच्या हाती, बोलण्याचा अधिकार त्याचा.

हे ऐकून हसू येण्याचा संभव आहे. परंतु हसण्यापूर्वी आपल्या घरांतील शेवटचा वाद आठवून पाहावा. ‘तुम्हांला घराची काळजीच नाही,’ हे वाक्य आणि ‘काल सातला येतो म्हणून तुम्ही दहाला आलात, तेव्हा मला एकटी पडल्यासारखे वाटले,’ हे वाक्य, यांत तक्रार एकच आहे. पहिल्यास उत्तर म्हणून प्रत्यारोपच येणार. दुसऱ्यास मात्र काही उत्तर देता येते. वर्गात हा फरक तासचे तास घोटून घेतात. शिवाय राग अनावर झाल्यास वाद थांबवून पुन्हा कधी बसावयाचे हे ठरविणे, पैशाची आखणी, मूल झाल्यावर बदलणारा दिनक्रम, हेही विषय असतात.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. स्टॅन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच अभ्यासक्रम ख्रिस्ती दांपत्यांसाठी १९९८ साली ‘अ लास्टिंग प्रॉमिस’ या पुस्तकात मांडला आहे. साधने तीच, परंतु तेथे त्यांस पवित्र शास्त्राचा आधार व कराराचा अर्थ दिलेला आहे. शासकीय वर्गात यातले काही घालता येत नव्हते. कारण शासनाने कोणत्याही धर्माची स्थापना करू नये असे अमेरिकेच्या राज्यघटनेचे बंधन आहे. ख्रिस्ती संस्थाही शासनाचे अनुदान घेऊन वर्ग चालवू शकत, पण त्या पैशातून उपासना किंवा धर्मशिक्षण त्यांस करता येत नसे. परिणामी शासनाने विवाहाची रीत शिकविली, विवाह म्हणजे काय ते शिकविले नाही. कायद्याच्या प्रारंभी पाया म्हणून गौरविलेली वस्तू वर्गात येईपर्यंत संभाषणाचे एक कौशल्य होऊन राहिली. यात शासनाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील एकदेहत्वाचे रहस्य सरकारी शिक्षकाने उलगडावे, अशी अपेक्षा करणे हेच मुळी चुकीचे आहे. मात्र केवळ रहस्य उलगडून दाखविणाऱ्या पाळकाने दांपत्यास भांडावे कसे हे कधी शिकविलेले नसते, हेही तितकेच खरे.

या वर्गांमागील आशा एका मोठ्या पाहणीवर उभी होती. सारा मॅक्लॅनहन प्रभृती संशोधकांनी १९९८ पासून २० मोठ्या शहरांत जन्मलेल्या सुमारे ५,००० मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास आरंभिला. अविवाहित माता म्हणजे टाकून दिलेली स्त्री, असा सर्वसाधारण समज होता. पाहणीत आढळले ते वेगळेच. मुलाच्या जन्माच्या वेळी अशा दर दहांपैकी सुमारे आठ मातांचे मुलाच्या बापाशी प्रेमसंबंध चालू होते, निम्मी जोडपी एकत्र राहत होती, आणि बहुतेकांस पुढे लग्न करण्याची आशा होती. काही वर्षांनी पाहिले तर फार थोड्यांनी लग्न केले होते व पुष्कळ विभक्त झाले होते. तेव्हा तज्ज्ञांना वाटले की मुलाचा जन्म हाच तो सोनेरी क्षण; त्याच वेळी जोडप्यास हात दिला तर ते तरेल.

हा तर्क पारखून पाहण्याचे श्रेय त्या शासनास दिले पाहिजे. अटलांटा, बाल्टिमोर, बॅटन रूज, ह्यूस्टन, ओक्लाहोमा सिटी, सॅन अँजेलो ही शहरे, तसेच फ्लोरिडा व इंडियाना या राज्यांतील काही भाग, अशा आठ ठिकाणी सुमारे ५,१०० अविवाहित जोडपी प्रयोगात घेतली. जोडप्यास मूल होणार असावे किंवा नुकतेच झालेले असावे, दोघेही सज्ञान व राजी असावीत, आणि मारहाणीचा धोका दिसल्यास त्यांस घेऊ नये, असा नियम होता. मग चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्म्यांस वर्गात घेतले व निम्म्यांस घेतले नाही. ही पद्धत कठोर वाटते, पण तिच्याशिवाय सत्य कळत नाही. जे आपण होऊन वर्गास येतात ते मुळातच अधिक उत्सुक असतात. त्यांचे संसार टिकले तर श्रेय वर्गाचे की उत्सुकतेचे, हे सांगता येत नाही. चिठ्ठीने निवडलेल्या दोन गटांत मात्र वर्गाखेरीज दुसरा भेद राहत नाही.

निष्कर्ष २०१० व २०१२ साली प्रसिद्ध झाले. पंधरा महिन्यांनी पाहता वर्गातील ७६ टक्के जोडपी एकत्र होती, वर्गाबाहेरील ७७ टक्के. विवाह केलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १७ व १८ टक्के. तीन वर्षांनी संबंध टिकवून असलेली जोडपी वर्गातील ५७ टक्के व बाहेरील ६० टक्के. अर्थात फरक म्हणण्यासारखा नव्हताच. पित्यांच्या मुलांकडे लक्ष देण्यात तर वर्गातील गट किंचित मागेच पडला. दर जोडप्यामागे सरासरी सुमारे ११,००० डॉलर खर्च झाले होते.

सरासरीच्या आड मात्र दोन शहरे दडलेली होती. ओक्लाहोमा सिटीत वर्गाचा चांगला परिणाम दिसला. जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत आईबाप दोघांसह सतत राहिलेली मुले वर्गातील गटात ४९ टक्के, तर दुसऱ्या गटात ४१ टक्के होती. याउलट बाल्टिमोर येथे पंधरा महिन्यांनी वर्गातील ५९ टक्केच जोडपी एकत्र उरली, वर्गाबाहेरील ७० टक्के. इतकेच नव्हे, तर गंभीर मारहाण झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया वर्गातील गटात अधिक आढळल्या, व मुलांच्या खर्चाचा भार उचलणारे पिते कमी. तीन वर्षांच्या पाहणीपर्यंत तेथील हा दुष्परिणाम मावळला. परंतु उपदेशाने हानीही होऊ शकते, हे तेथे दिसून आले. तेथील जोडप्यांचे संबंध आरंभापासूनच अधिक ढिले होते. एकत्र राहणारी थोडी होती. मोकळेपणाने बोलावयास बसविल्यावर आपण एकमेकांस शोभत नाही हे काहींच्या लक्षात आले असावे, असा एक तर्क केला जातो. आम्हांस तो असंभाव्य वाटत नाही. पण मारहाणीच्या गोष्टीस तेवढे उत्तर पुरत नाही, आणि ज्या कोणास मनमोकळ्या संवादाचे वेड आहे त्याने या शहराचा अहवाल अवश्य वाचावा.

विवाहित गरीब जोडप्यांसाठी दुसरा प्रयोग झाला. त्यात ६,२९८ जोडपी होती व तोही आठ ठिकाणी चालला. उपस्थिती बरी होती. दर जोडप्यास सरासरी सुमारे २७ तास शिक्षण मिळाले. अडीच वर्षांनी वर्गातील जोडपी थोडी अधिक सुखी आढळली, एकमेकांस टोचून बोलणे थोडे कमी झाले होते. परंतु विभक्त होण्याचे प्रमाण बदलले नव्हते, व मुलांच्या हिताच्या दृष्टीने विशेष लाभ दिसला नाही. खर्च दर जोडप्यामागे सुमारे ९,१०० डॉलर. त्यानंतर एल पासो व न्यूयॉर्क येथील दोन संस्थांच्या वर्गांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे १,६०० जोडपी होती. तेथे एका वर्षाने वर्गातील ६३ टक्के जोडपी विवाहित होती, बाहेरील ५९ टक्के. म्हणजे आशेस थोडी जागा आहे, पण थोडीच.

असे का व्हावे? आम्हांस याचे उत्तर वर्गाच्या बाहेर दिसते. कॅथरिन एडिन व मारिया केफालस या समाजशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फिया व कॅम्डेन येथील १६२ गरीब मातांशी दीर्घकाळ बोलून २००५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष मननीय आहे. या स्त्रिया विवाहास तुच्छ मानीत नाहीत; उलट त्यास इतके उच्च मानतात की आपण अद्याप त्यास पात्र नाही असे त्यांस वाटते. स्थिर नोकरी, थोडी शिल्लक, स्वतःचे घर आणि विश्वास टाकता येईल असा पुरुष, हे सर्व जुळल्यावर लग्न. मूल मात्र तितके थांबू शकत नाही. म्हणजे विवाहाचे महत्त्व त्यांस पटवून देण्याची आवश्यकताच नव्हती. आवश्यकता होती ती कामाची, आणि तुरुंगाबाहेर राहणाऱ्या, दारूपासून दूर असलेल्या पतीची. लिनोलियमचा तुकडा हाती धरून हे प्रश्न सुटत नाहीत.

त्यात भर म्हणजे शासनाचे दुसरे हात उलट दिशेने ओढीत असतात. कमी मजुरी मिळविणाऱ्यांस तेथे प्राप्तिकराच्या मार्गाने परतफेड मिळते. उत्पन्न एका मर्यादेपलीकडे गेले की ती घटत जाते. दोन अविवाहित कमावत्या माणसांची उत्पन्ने वेगवेगळी धरली जातात. त्यांनी लग्न केले की ती एकत्र मोजली जातात, आणि दोघांचीही कमाई बेताची असली तरी बेरीज मर्यादेबाहेर जाते. घरभाडे व औषधोपचार यांच्या साहाय्यातही पुष्कळदा असेच घडते. म्हणजे सायंकाळी वर्गात विवाहाचे लाभ ऐकून घरी आलेल्या जोडप्याने सकाळी हिशोब मांडला, तर लग्न तोट्याचे ठरावे! मिनेसोटा राज्यात १९९४ नंतर निराळा प्रयोग झाला होता. तेथे विवाहाचे शिक्षण कोणी दिले नाही. काम करणाऱ्या साहाय्यार्थींच्या हाती कमाईचा अधिक भाग राहू दिला. तरीही साहाय्य घेणाऱ्या दांपत्यांत एकत्र टिकण्याचे प्रमाण वाढल्याचे २००० सालच्या अहवालात नमूद झाले.

यावरून वर्ग निरुपयोगी असे आम्ही म्हणणार नाही. विवाहित दांपत्यांस त्यांतून थोडासा का होईना दिलासा मिळाला, आणि गरिबाच्या घरातील थोडा दिलासा हीही लहान गोष्ट नव्हे. परंतु गरिबांच्या साहाय्यातून पैसा काढून गरिबांस संभाषण शिकविणे, हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. गालीलातील काना गावच्या लग्नात प्रभूने प्रथम उणीव भरून काढली. यजमानाने द्राक्षारस पुरेसा का आणला नाही, यावर प्रवचन केले नाही.

आपल्याकडेही हा विषय दूरचा नाही. गोव्यात कॅथोलिक मंडळीत विवाहपूर्व शिक्षणवर्ग परिचित आहेतच. शिवाय तेथील शासनाने विवाहपूर्व समुपदेशन सर्वांसच सक्तीचे करण्याचा विचार २०२१ साली जाहीर केला होता. सक्तीविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. अमेरिकेतील वर्ग ऐच्छिक असूनही पुष्कळ जोडपी एकदाही पूर्ण हजर राहू शकली नाहीत. पाळीचे काम, आजारी मूल, बसचे भाडे, ही कारणे. संस्थांनी म्हणून वर्गाच्या ठिकाणी जेवण, मुलांस सांभाळण्याची सोय व येण्याजाण्याचा खर्च दिला, तेव्हा कुठे माणसे आली. बेळगावच्या किंवा वडोदऱ्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या तरुणास विवाहोपदेशासाठी बोलाविणाऱ्या पाळकाने हे लक्षात घ्यावे.

ओक्लाहोमा सिटीच्या वर्गासंबंधी आणखी एक बारीक गोष्ट सांगावयाची राहिली. तेथील अभ्यासक्रम इतर काही ठिकाणच्या ४२ तासांऐवजी ३० तासांचा होता, व त्यात अविवाहितांच्या शेजारी विवाहित जोडपीही बसत. यश त्यामुळेच आले असे सिद्ध झालेले नाही. परंतु आमच्या मंडळ्यांत विवाहेच्छू जोडपे पाळकाच्या खोलीत एकटेच बसते. त्यांच्या सोबत दहा-पंधरा वर्षे संसार केलेले, भांडलेले आणि टिकलेले एखादे दांपत्य बसवून पाहावयास काही खर्च येणार नाही.